डेनिस टेलर: शेवटच्या ब्लॅकच्या आधी आणि नंतर

ब्राउनस्पॉट

स्नूकरपटू डेनिस टेलरचं नाव निघालं की बोलणं १९८५ च्या जागतिक अंतिम सामन्यातल्या शेवटच्या ब्लॅकवर, म्हणजे काळ्या चेंडूवर, येतं आणि तिथेच संपतं. १९७२ ते २००० एवढी लांब व्यावसायिक कारकीर्द आणि बीबीसीसाठी केलेलं समालोचन एका चेंडूत मावत नाही. म्हणून हा धागा.

जन्म १९४९, उत्तर आयर्लंडमधल्या टायरोन काउंटीतलं कोलआयलंड. सतराव्या वर्षी इंग्लंडात लँकाशायरमधल्या डार्वेनला आला. १९६८ मध्ये ब्रिटिश ज्युनियर बिलियर्ड्स विजेता. हा बिलियर्ड्सचा पाया महत्त्वाचा आहे. तीन चेंडूंच्या खेळात पांढऱ्याचा वेग आणि कोन हातात बसल्याशिवाय काहीच जमत नाही, आणि टेलरची सेफ्टी (चेंडू न पाडता प्रतिस्पर्ध्याला अडचणीत ठेवणारा खेळ) पाहिली की ती तालीम दिसते.

१९७९ च्या जागतिक स्पर्धेत त्याने उपांत्यपूर्व फेरीत रे रिअर्डनला १३–८ आणि उपांत्य फेरीत जॉन व्हर्गोला १९–१२ असं हरवलं. अंतिम सामन्यात टेरी ग्रिफिथ्सकडून १६–२४ असा हरला. पुढच्या मोसमात जागतिक क्रमवारीत दुसरा. पण मोठं विजेतेपद हाती लागायला १९८४ चा शरद ऋतू उजाडला. आईच्या निधनानंतर तो खेळायलाच तयार नव्हता, घरच्यांनी समजावून पाठवलं आणि रॉथमन्स ग्रां प्रीच्या अंतिम सामन्यात त्याने क्लिफ थॉर्बर्नला १०–२ ने हरवलं. १९८५ कडे बघताना हा विजय विसरू नये. १९८५ च्या जागतिक स्पर्धेसाठी शेफील्डला आलेला टेलर नशिबाने अंतिम फेरीत पोचलेला नव्हता. फ्रान्सिस्को १०–२, चार्ल्टन १३–६, थॉर्बर्न १३–५, नोल्स १६–५. एकही सामना अटीतटीचा झाला नाही.

पुढचं इतरांनी लिहावं. मला मुख्यतः हे बोलायचं आहे की समालोचनाच्या खोलीत बसल्यावर या कारकिर्दीतलं नेमकं काय उपयोगी पडतं.

फ्रेममोजणी

स्टीव्ह डेव्हिसविरुद्धच्या १९८५ च्या अंतिम सामन्याबद्दल 'डेव्हिस ८–० पुढे होता' एवढंच सांगितलं जातं. गणित त्याहून रंगतदार आहे.

८–० असताना नवव्या फ्रेममध्ये (डावात) डेव्हिसने बारीक कटचा (पांढरा कडेला निसटता लावून पाडायचा) ग्रीन घ्यायला जाऊन चुकवला. टेलरने ती फ्रेम घेतली आणि पहिला दिवस ७–९ वर संपवला. म्हणजे नंतरच्या आठांपैकी सात फ्रेम त्याच्या. दुसऱ्या दिवशी ११–११, मग १५–१७ ने मागे, मग १७–१७. संपूर्ण सामन्यात टेलर एकदाही पुढे नव्हता. पुढे गेला तो शेवटचा चेंडू पडल्यावरच.

शेवटची फ्रेम ६८ मिनिटांची. चार रंग उरलेले: ब्राउन ४, ब्लू ५, पिंक ६, ब्लॅक ७, एकूण २२. गुण डेव्हिस ६२, टेलर ४४. टेलरला चारही घेतल्यावर ६६ होणार, म्हणजे विजय ४ गुणांनी. आता यातली बारकाई बघा:

- टेलरकडून ४ गुणांचा एक फाउल (याचे गुण प्रतिस्पर्ध्याला मिळतात) झाला असता तर डेव्हिस ६६. मग चारही रंग घेऊनही ६६–६६, आणि ब्लॅक पुन्हा स्पॉटवर.
- डेव्हिसने ब्राउन घेतला असता तर ६६–४४ आणि टेबलावर १८. टेलर ४ गुणांनी कमी पडला असता. पण ब्लूवर एक स्नूकर (चेंडू थेट मारता येऊ नये अशी अडवणूक करून मिळवलेला फाउल) मिळाला असता तर ५ गुण, आणि सगळं साफ करून ६७–६६. म्हणजे 'डेव्हिसला एक चेंडू पुरेसा होता' हे जवळजवळ खरं आहे, पूर्ण खरं नाही.

टेलरने लांबचा, चौघांत सगळ्यात अवघड असलेला ब्राउन घेतला, मग ब्लू, मग पिंक. ५९–६२. ब्लॅकवर आधी डबल (कुशनवर आपटून पाडायचे शॉट) मारून पाहिले, सेफ्टी झाल्या, दोघांनी संधी सोडल्या. शेवटी डेव्हिसला वरच्या पॉकेटचा पातळ कट मिळाला आणि त्याने तो गरजेपेक्षा पातळ कापला. त्यानंतरचा ब्लॅक टेलरचा. मध्यरात्र उलटलेली, बीबीसी टू वर १ कोटी ८५ लाख प्रेक्षक.

त्या क्षणी माइकवर टेड लोव होता आणि सोबत माजी व्यावसायिक खेळाडू जिम मेडोक्रॉफ्ट. डेव्हिस चुकल्यावर लोवच्या तोंडून फक्त एक 'नो!' निघाला. तेवढ्याने काम झालं.

अनघा_सातारा

छान सुरुवात. एक विचारते. त्याचा तो मोठा, उलटा लावल्यासारखा दिसणारा चष्मा नेमका कशासाठी होता? शैली म्हणून की गरज म्हणून?

भिंगवाला

शंभर टक्के गरज. कारण समजलं तर चष्मा लावून क्यू धरणाऱ्या प्रत्येकाला फायदा होईल.

शॉटसाठी वाकल्यावर हनुवटी क्यूवर टेकते, मान मागे जाते आणि डोळे वर वळतात. नजर लेन्सच्या मध्यातून न जाता वरच्या कडेतून किंवा फ्रेमच्या दांडीतून जाते. यात दोन वेगळे दोष होतात आणि लोक ते एकच समजतात.

पहिला, अडथळा: फ्रेमची वरची कड बरोबर लक्ष्याच्या रेषेत येते. खेळाडू नकळत डोकं वर उचलतो, हनुवटी क्यूवरून सुटते आणि क्यूची रेषा बिघडते.

दुसरा, विकृती: नंबर जास्त असेल तर ऑप्टिकल सेंटरपासून जितकं दूर बघाल तितका प्रिझमचा परिणाम होतो. दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा असेल तर दोन्हीकडे तो वेगवेगळा होतो. शिवाय रोजच्या चष्म्याची काच खालच्या बाजूने गालाकडे झुकलेली असते. चालताना ते बरोबर. वाकल्यावर तीच काच नजरेला तिरकी पडते.

टेलरच्या चष्म्यात काच भुवयांच्या बरीच वर जाते, कानाची दांडी खालच्या बाजूला जोडलेली असते आणि काच उलट्या दिशेने झुकवलेली असते. त्यामुळे वाकल्यावर नजर काचेतून काटकोनात जाते. कल्पना अगदी नवी नव्हती. जुना खेळाडू फ्रेड डेव्हिस (स्टीव्ह नव्हे) त्याच्या कितीतरी आधी फिरत्या काचांचा चष्मा वापरत असे.

आज असा चष्मा करून घ्यायचा असेल तर:

१. मोजमाप खुर्चीत बसून देऊ नका. टेबलावर किंवा त्याच उंचीच्या पृष्ठभागावर क्यू धरून पूर्ण वाकायचं आणि त्या स्थितीत बाहुलीची जागा डेमो लेन्सवर मार्करने खुणवून घ्यायची.
२. ऑप्टिकल सेंटर त्या खुणेनुसार वर घ्यायचं. दर २ अंश झुकावाला सुमारे १ मिमी हा नेहमीचा हिशोब. इथे झुकाव उलटा असल्याने सरकवण्याची दिशाही उलटी. हे ऑप्टिशियनला स्पष्ट सांगा, नाहीतर तो सवयीने खाली घेईल.
३. सिंगल व्हिजनच घ्या. प्रोग्रेसिव्हमध्ये कडेला विकृती असते आणि लांब पॉटवर (चेंडू पॉकेटमध्ये पाडताना) चेंडूची कड हलल्यासारखी वाटते. बायफोकल तर नकोच.
४. चाळिशीनंतर दूरचा नंबर जसाच्या तसा घालण्याऐवजी पांढरा चेंडू आणि साडेतीन मीटरवरचं पॉकेट या टप्प्यात तपासून घ्या.
५. परावर्तन रोखणारं कोटिंग हवंच. टेबलावरच्या दिव्याचं प्रतिबिंब काचेच्या आतल्या बाजूला येतं.

हा चष्मा घालून जिना उतरू नका. उभं राहिल्यावर फ्रेमची खालची कड पायऱ्यांच्या रेषेत येते.

ब्राउनस्पॉट

भिंगवाला, फार उपयोगी. यात भर: तो चष्मा १९८३ मध्ये बनवून दिला जॅक कार्नेमने. कार्नेम स्वतः बिलियर्ड्सचा उत्तम खेळाडू, चष्म्यांच्या धंद्यातला माणूस आणि बीबीसीचा समालोचक. त्याच वर्षी थॉर्बर्नच्या १४७ च्या (एका खेपेतल्या सर्वोच्च गुणांच्या) शेवटच्या ब्लॅकआधी 'गुड लक, मेट' म्हणणारा आवाज त्याचाच. म्हणजे खेळाडू–समालोचक ही परंपरा टेलरच्या नाकावर अक्षरशः बसलेली होती.

लोवची गोष्ट वेगळी. तो व्यावसायिक खेळाडू नव्हता. लेस्टर स्क्वेअर हॉलमध्ये तो प्रेक्षकांत बसून बोलायचा, म्हणून कुजबुजायची सवय लागली. क्लाइव्ह एव्हर्टन खेळाडू होता, पण त्याची खरी ताकद पत्रकाराची. टेलर, व्हर्गो, विली थॉर्न यांच्यापासून समालोचनात एक नवी गोष्ट आली: शॉट होण्याआधी तो कसा खेळला जाणार हे सांगणं.

बॉल्करेषा

इथे मी थोडा असहमत आहे. आधी सांगण्यात व्हर्गो टेलरपेक्षा पुढे होता. 'व्हेअर्ज द क्यू बॉल गोइंग?' ही त्याची ओळख उगाच झाली नाही. त्याची नजर पॉटकडे कधीच नसायची. पांढरा मधल्या पॉकेटकडे निघालाय हे तो प्रेक्षकाच्या आधी ओळखायचा.

आणि त्यालाही लोक फक्त 'बिग ब्रेक' हा टीव्ही कार्यक्रम आणि ट्रिक शॉट्ससाठी आठवतात, याचं वाईट वाटतं. १९७९ ची यूके चॅम्पियनशिप त्याने जिंकली. शेवटच्या दिवशी खेळाची वेळ टीव्हीसाठी अलीकडे आणली होती, तो उशिरा पोचला आणि दोन फ्रेमचा दंड बसला. तरी ग्रिफिथ्सला १४–१३ ने हरवलं. संपामुळे शेवटची फ्रेम टीव्हीवर दिसलीच नाही. टेलरच्या शेवटच्या फ्रेमला एवढे प्रेक्षक आणि व्हर्गोच्या शेवटच्या फ्रेमला कॅमेराच नाही.

ब्राउनस्पॉट

मान्य, पांढऱ्याच्या बाबतीत व्हर्गो वरचढ. टेलरची जागा सेफ्टीत. दोन खेळाडू आठ-दहा मिनिटं एकही चेंडू न पाडता खेळत असतात तेव्हा नवखा प्रेक्षक टीव्ही बंद करतो. तिथे टेलर सांगतो की हा लाल जाड लागला तर पांढरा ब्लूला धडकेल, पातळ लागला तर ग्रीनच्या मागे थांबेल. असं बोलायला अशा लढाया स्वतः खेळलेल्या लागतात, आणि त्याने त्या भरपूर खेळल्या. १९८५ च्याच ग्रां प्री अंतिम सामन्यात डेव्हिसकडून ९–१० ने हरला, तो एका दिवसात दहा तासांहून जास्त चाललेला सामना होता. १९८७ च्या मास्टर्समध्ये अॅलेक्स हिगिन्सविरुद्ध ५–८ ने मागे असताना सलग चार फ्रेम घेऊन ९–८ ने जिंकला.

उलट बाजूही लिहितो. जगज्जेता म्हणून क्रुसिबलला (जागतिक स्पर्धेचं शेफील्डमधलं सभागृह) परतला तेव्हा १९८६ च्या पहिल्याच फेरीत माइक हॅलेटकडून ६–१० ने गेला. ती स्पर्धा जिंकली जो जॉन्सनने, डेव्हिसला १८–१२ ने हरवून. हॅलेट आणि जॉन्सन दोघेही पुढे समालोचनात आले. ऐंशीच्या दशकातली ही पिढी तिकडे का वळली, याचं कारण सरळ आहे. स्पर्धा सतरा दिवस चालते, पहिल्या फेरीत हरलेला खेळाडू मोकळा असतो आणि टीव्हीला रोज कित्येक तास बोलणारा माणूस हवा असतो. बरेच जण खेळत असतानाच माइकवर बसू लागले. निवृत्तीनंतर नव्याने शिकायची वेळ आली नाही.

कट्ट्यावरचा

आमच्या शहरातल्या क्लबची स्पर्धा यूट्यूबवर दाखवायचा विचार आहे, समालोचन मराठीत. सुरुवात कुठून करावी? काय चुकतं?

फ्रेममोजणी

सगळ्यात आधी गुणांचं गणित तोंडात बसवा. गुणफलक बघून बोलणारा कायम एक शॉट मागे राहतो.

टेबलावरचे गुण = उरलेले लाल × ८ (लाल १, ब्लॅक ७) + २७ (शेवटचे सहा रंग). पाच लाल उरले तर ६७. आघाडी ६७ पर्यंत असेल तर फ्रेम जिवंत. आघाडी ६८ झाली की मागच्याला एक स्नूकर हवा. आघाडी ७२ झाली तर ४ गुणांचा एक स्नूकर पुरत नाही.

नवखे समालोचक तीन ठिकाणी घसरतात.

एक, प्रत्येक लालबरोबर ब्लॅकच घेतला जाईल असं धरलेलं असतं. मागचा ६० ने मागे आणि टेबलावर ६७, म्हणजे ७ गुणांची मोकळीक. त्याने पिंक घेतला की मोकळीक १ ने घटते, ब्लूला २ ने, यलोला ५ ने. दोन यलो म्हणजे स्नूकर लागलाच. हे प्रत्येक रंगानंतर सांगितलं तर प्रेक्षक खिळून राहतो.

दोन, फ्री बॉल (फाउलनंतर स्नूकर झालेल्याला दुसरा चेंडू निवडायची मुभा). लाल शिल्लक असताना फाउलनंतर फ्री बॉल मिळाला तर तो लालसारखा १ आणि त्यावर रंग ७, म्हणजे जास्तीचे ८. फाउलचे ४ धरून एका स्नूकरमधून १२ निघू शकतात. म्हणून 'फ्रेम संपली' असं घाईने म्हणू नका.

तीन, मिस (चेंडू लावायचा पुरेसा प्रयत्न झाला नाही हा पंचाचा निर्णय). एखाद्याला स्नूकर हवेत अशी अवस्था आली की पंच सहसा मिस देत नाही, चेंडू परत जागेवर ठेवले जात नाहीत. हे माहीत नसेल तर पंच चुकला असं तुम्ही थेट प्रक्षेपणात बोलून बसाल.

आणि फाउल किमान ४ चा. ब्लू, पिंक, ब्लॅक यात गुंतले असतील तर ५, ६, ७.

टेबलदुरुस्ती

समालोचकाने टेबलाबद्दल बोलायला हवं, बहुतेक जण बोलत नाहीत.

कापडाची लव बॉल्ककडून (जिथून खेळ सुरू होतो त्या टोकाकडून) ब्लॅककडे जाते. ब्लॅककडून बॉल्ककडे हळू मारलेला चेंडू लवेविरुद्ध जातो, वेग संपत आला की रेषेतून सरकतो. मधल्या पॉकेटला हळू मारलेले चेंडू कोपऱ्यावर अडतात त्यामागेही बऱ्याचदा हेच असतं. खेळाडूला दोष देण्याआधी चेंडूचा वेग बघा.

किक (चेंडूंची बिघडलेली टक्कर) ओळखायची खूण: चेंडू लागताना आवाज जड येतो, पांढरा किंचित उडतो आणि लक्ष्याचा चेंडू जाड लागल्यासारखा जातो. चेंडूंच्या स्पर्शाच्या जागी अडकलेला खडू हे त्याचं नेहमीचं कारण मानतात. क्लबमध्ये प्रत्येक फ्रेमआधी चेंडू पुसले तर फरक पडतो.

पावसाळ्यात कापड ओलं होऊन टेबल मंद पडतं आणि कुशनचा प्रतिसादही बदलतो. सामन्याआधी बॉल्कमधून एक चेंडू सरळ वर मारून तो किती कुशन फिरतो ते बघून ठेवा आणि समालोचनात सांगा. प्रेक्षकाला पुढच्या दोन तासांचं परिमाण मिळतं.

बॉल्करेषा

कॅमेऱ्याबद्दल. खेळाची जागा ११ फूट ८.५ इंच बाय ५ फूट १० इंच. बॉल्कच्या मागे उंचावरून दिसणारं चित्र लांबी दाबतं. ब्लॅकजवळचे दोन चेंडू चिकटल्यासारखे दिसतात आणि मधून पांढरा आरामात जातो. पडद्यावर बघून 'हा पॉट जात नाही' असं ठामपणे म्हणायचं नाही, कोन बोलायचा तर वरच्या कॅमेऱ्यावरून.

वरचा कॅमेरा लावणं मात्र क्लबमध्ये कठीण. मोबाइलच्या साध्या लेन्समध्ये पूर्ण लांबी मावायला तो स्लेटच्या (टेबलाच्या सपाट पृष्ठभागाच्या) वर पावणेतीन ते तीन मीटर हवा. तेवढं छत असलं तरी मध्ये दिव्याची पेटी येते. दिव्याच्या चौकटीतच मधोमध फोन बसवून वाइड लेन्स वापरा, कडा थोड्या वाकतील. फोन गरम होऊन बंद पडू नये म्हणून ब्राइटनेस कमी, आणि बॅटरी संपू नये म्हणून चार्जिंग सुरू. पट्टे हलताना दिसले तर ते एलईडीचं लुकलुकणं. शटर १/५० किंवा १/१०० वर पक्का करा, फ्रेम रेट २५ किंवा ५०.

ब्राउनस्पॉट

बोलण्याबद्दल माझं. समालोचक दुसऱ्या खोलीत बसवा. खेळाडूला शब्द ऐकू गेला तर तो सल्ला ठरतो. खेळाडू वाकला की वाक्य संपलेलं हवं, यासाठी तो टेबलाभोवती फिरत असतानाच मुद्दा मांडून मोकळं व्हायचं. पॉट झाल्यावर 'पॉट झाला' सांगू नका, ते दिसतं. पांढरा हव्या त्या बाजूला थांबला का, ते सांगा.

दोघांची जोडी असेल तर कामं वाटून घ्या. एकाकडे गुण आणि नियम, दुसऱ्याकडे शॉट. दुसरा शक्यतो क्लबात खेळणाराच हवा, आणि नुकताच हरलेला असेल तर उत्तम, त्याने ते टेबल त्याच दिवशी अनुभवलेलं असतं.

अनघा_सातारा

ब्राउनस्पॉट, जोडीतल्या दुसऱ्याने पुढचा शॉट सांगितला आणि खेळाडूने भलताच खेळला तर?

ब्राउनस्पॉट

तर खेळाडूला त्या जागेवरून काय वेगळं दिसलं असेल ते शोधायचं. तीन गोष्टी क्रमाने तपासा: क्यू टेकवायला दुसऱ्या चेंडूचा अडथळा होता का, रेस्ट (क्यूला आधार देणारी काठी) लागला असता का, आणि चुकलं तर मागे काय उघडं पडलं असतं. बहुतेक वेळा उत्तर तिसऱ्यात असतं. त्यापुढे आपला अंदाज रेटायचा नाही, खेळलेल्या शॉटवर बोलायचं.

कट्ट्यावरचा

सगळं उतरवून घेतलं. शटर आणि गुणांचा तक्ता आधी करतो. दिव्याच्या चौकटीचं माप घेऊन इथे टाकतो, बॉल्करेषा, तेव्हा लेन्स कोणती ते सांगा.

बॉल्करेषा

चौकटीची लांबी-रुंदी, स्लेटपासून दिव्याच्या खालच्या कडेपर्यंतची उंची आणि फोनचं मॉडेल, एवढं टाका. उंची मोजताना फीत स्लेटवरच टेकवा, लाकडी कडेवर नाही.